लॉर्ड शाफ्ट्सबरी : गिरणींतील मुलांचे कैवारी

वाफेचें यंत्र आलें आणि जग बदललें, हें आमच्या वाचकांनीं शाळेच्या पुस्तकांत पुष्कळ वेळां वाचलें असेल. तें खरेंच आहे. परंतु नेमकें काय बदललें आणि काय पूर्वीं होतें तसेंच राहिलें, याचा विचार करण्यास पुस्तक बहुधा थांबत नाहीं. हा विचार करावयाचा तर एखाद्या मनुष्याचें चरित्र हातीं घेणें बरें. कारण मोठे फेरफार मनुष्यांच्या आयुष्यांतच स्पष्ट दिसतात. म्हणून इंग्लंडांतील एका ख्रिस्ती उमरावाचें चरित्र आज आम्ही मंडळ्यांतील बंधुभगिनींपुढें ठेवीत आहों. त्यांचें नांव लॉर्ड शाफ्ट्सबरी. ते १८०१ सालीं जन्मले आणि १८८५ सालीं वारले. हातमागाचा देश गिरण्यांचा देश झाला, तो बहुतांशीं याच चौऱ्यांशी वर्षांत.

अँथनी ॲशली कूपर हें त्यांचें पाळण्यांतील नांव. २८ एप्रिल १८०१ रोजीं लंडन शहरांत एका श्रीमंत घराण्यांत त्यांचा जन्म झाला. घर मोठें, नोकरचाकर पुष्कळ, परंतु मायेचा शब्द मात्र दुर्मिळ. बाप कडक होता आणि आईचें लक्ष मुलांकडे नव्हतें. त्या घरांत मारिया मिलिस नांवाची एक जुनी नोकर बाई होती. तिनें या पोरक्यासारख्या मुलास जवळ घेऊन येशूच्या गोष्टी सांगितल्या व एक लहानशी प्रार्थना शिकविली. सातव्या वर्षीं मुलास शाळेंत ठेविलें. ती शाळा निर्दय होती. तेथें थंडी, भूक आणि मार यांची त्यास ओळख झाली. तो शाळेंत असतांनाच मारिया वारली. मरतांना तिनें आपलें सोन्याचें घड्याळ त्याच्या नांवें ठेविलें. पुढें उमराव झाल्यावरही त्यांनीं दुसरें घड्याळ वापरलें नाहीं, आणि तिनें शिकविलेली प्रार्थना ते म्हातारपणींही म्हणत. त्या बाईचें नांव इतिहासांत कोणी लिहिलें नसतें. तथापि पुढें जें सर्व घडलें त्याचें बीं तिनें पेरलें.

पुढें तो हॅरो येथील प्रसिद्ध शाळेंत गेला. तेथें चौदा-पंधरा वर्षांचा असतांना एके दिवशीं टेकडीच्या रस्त्यावर त्यानें एका भिकाऱ्याची प्रेतयात्रा पाहिली. पेटी उचलणारे दारू प्यालेले होते. ते गाणीं म्हणत, धडपडत येत होते. शेवटीं पेटी त्यांच्या हातून खालीं पडली आणि त्यांनीं शिव्या दिल्या. मेलेल्याचें कोणी नातेवाईक बरोबर नव्हतें. मुलगा सुन्न होऊन उभा राहिला. गरीब मनुष्याची मेल्यावरही ही दशा, तर जिवंतपणीं काय असेल, हा विचार त्याच्या मनांतून गेला नाहीं. आपलें आयुष्य अशांच्या कामीं लावावें, असा निश्चय त्यानें तेथेंच केला, असें ते पुढें सांगत. ऑक्सफर्ड येथें विद्याभ्यास चांगल्या रीतीनें पुरा करून १८२६ सालीं ते पार्लमेंटांत सभासद झाले. वडील जिवंत होते तोंपर्यंत त्यांस लॉर्ड ॲशली म्हणत. म्हणून आम्हीही कांहीं वेळ तेंच नांव वापरतों.

येथें त्या काळचा फेरफार थोडक्यांत सांगणें जरूर आहे. यंत्रें येण्यापूर्वीं इंग्लंडच्या खेड्यांतील मुलें सुखांत खेळत होतीं, असें कोणी समजूं नये. घरोघर सूत निघे, माग चाले, आणि अगदीं लहान मुलेंही लोंकर पिंजण्याच्या कामाला बसत. आपल्याकडे कोष्ट्याच्या घरीं मुलें कांड्या भरीत, त्यांतलाच तो प्रकार. परंतु घरचा चरखा थांबवितां येत असे. मूल आजारी पडलें, पाहुणा आला, सुगी आली, कीं चरखा थांबे. १७७१ सालीं रिचर्ड आर्कराइट यानें क्रॉमफर्ड येथें पाण्याच्या जोरावर चालणारी सूतगिरणी उभारली. पुढें जेम्स वॉट याच्या वाफेच्या यंत्रामुळें गिरण्या नदीकांठ सोडून शहरांत आल्या. तेव्हांपासून चाक मनुष्यासाठीं थांबेनासें झालें. मनुष्यानें चाकासाठीं धांवावें, असा नियम झाला.

मुलांचीं बोटें बारीक म्हणून तुटलेला धागा जोडण्याचें काम त्यांजकडे आलें. अंग लहान म्हणून चालू यंत्राखालीं सरपटत जाऊन कापसाचे तंतू झाडून काढण्याचें कामही त्यांजकडेच आलें. दिवसाचे बारा, तेरा, कधीं चौदा तास तीं उभीं असत. डुलकी आली तर मुकादमाचा पट्टा अंगावर पडे. कित्येकांचे पाय वांकडे झाले, कित्येकांचीं बोटें गेलीं. आईबाप त्यांस स्वतःच गिरणींत पाठवीत, कारण मुलाच्या मजुरीवांचून घरांत भाकरी पुरत नसे. गांवें ओस पडूं लागलीं आणि शहरें फुगलीं. १८०१ सालीं मँचेस्टरची वस्ती सत्तर-पंचाहत्तर हजार होती, ती १८५१ सालीं ३ लाखांवर गेली. त्याच सालच्या खानेसुमारींत असें दिसून आलें कीं, इंग्लंड व वेल्स मिळून अर्ध्याहून अधिक लोक शहरांत राहतात. याच गिरण्यांचें स्वस्त कापड समुद्र ओलांडून आपल्याही बाजारांत आलें, आणि इकडील कितीएक विणकरांचे माग बंद पडले.

अशा दिवसांत, १८३३ सालाच्या आरंभीं, जॉर्ज बुल नांवाचे एक पाद्री ॲशली यांच्या भेटीस आले. हे बुल पूर्वीं सिएरा लिओन येथें मिशनच्या कामावर होते, आणि आतां यॉर्कशायरांतील गिरणीवाल्या वस्तींत सेवा करीत होते. गिरणींतील तरुणांचें काम रोजचे दहा तासांवर आणावें, असें बिल मायकेल सॅड्लर यांनीं पार्लमेंटांत मांडलें होतें. परंतु ते निवडणुकींत पडले आणि बिलास कोणी वाली उरला नाहीं. तें काम आपण घ्यावें, अशी विनंती बुल यांनीं केली. ॲशली यांनीं तोंवर एकही कापडगिरणी आंतून पाहिली नव्हती. हें काम घेतलें तर मोठमोठे लोक शत्रु होतील आणि सरकारांत वर चढण्याची वाट बंद होईल, हें त्यांस दिसत होतें. त्यांनीं प्रार्थना केली, बायबल वाचलें आणि पत्नीचा विचार घेतला. लेडी एमिली यांनीं संकटांचा हिशोब ऐकून घेतला आणि हें काम घ्यावें, असाच सल्ला दिला. ॲशली यांनीं होकार दिला, तो पुढें मरेपर्यंत मोडला नाहीं.

त्याच वर्षीं फॅक्टरीचा कायदा झाला, पण त्यांस पाहिजे होता तसा नव्हे. रेशमाच्या गिरण्यांखेरीज इतर कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मूल ठेवूं नये. नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांनीं आठवड्यांत ४८ तासांहून अधिक काम करूं नये आणि रोज दोन तास शिकावें. अठरा वर्षांखालील कोणास रात्रीं राबवूं नये, असें त्यांत ठरलें. सर्व देशास इन्स्पेक्टर मात्र चारच नेमले. मुलाचें वय कसें ठरवावें, हाही पेंच होता. कारण जन्माची सरकारी नोंद इंग्लंडांत १८३७ सालीं सुरू झाली. तोंवर डॉक्टरनें मुलाकडे पाहून दाखला द्यावा. ज्या आईस मुलाची मजुरी पाहिजे ती सात वर्षांच्या मुलास नऊ वर्षांचा म्हणून उभा करी. कायदा कागदावर असतो, भूक घरांत असते. हें ॲशली यांनीं ओळखलें, म्हणून एक कायदा होतांच ते स्वस्थ बसले नाहींत. लँकेशायर व यॉर्कशायर येथें जाऊन त्यांनीं गिरण्या स्वतः पाहिल्या, दवाखान्यांत जखमी मुलांजवळ उभे राहिले. १८४१ सालीं मुख्य प्रधान पील यांनीं त्यांस राजवाड्यांतील मानाची जागा देऊं केली. परंतु दहा तासांच्या बिलास पील अनुकूल नव्हते, म्हणून ॲशली यांनीं ती नाकारली.

त्यांच्या मागणीवरून मुलांच्या मजुरीची चौकशी करण्यास १८४० सालीं एक कमिशन नेमलें होतें. दोन वर्षांनीं कोळशाच्या खाणींविषयीं त्याचा अहवाल बाहेर पडला. त्यांत चित्रें छापलीं होतीं. वाचण्यास ज्यांस फुरसत नव्हती त्यांनींही चित्रें पाहिलीं, आणि देशास धक्का बसला. बायका व मुली कमरेस पट्टा व सांखळी बांधून, हातापायांवर रांगत, अरुंद भुयारांतून कोळशाच्या गाड्या ओढीत आहेत. पांचसहा वर्षांचीं मुलें काळोखांत दारापाशीं दोरी धरून बसलीं आहेत. गाडी आली कीं दार उघडावें, गेली कीं लागूं द्यावें, एवढेंच त्यांचें काम. त्यांत बारा तास एकटें बसावयाचें. जून १८४२ मध्यें ॲशली यांनीं हें सर्व पार्लमेंटापुढें मांडलें, तेव्हां सभासदांच्या डोळ्यांस पाणी आलें. उमरावांच्या सभेंत खाणींचे मालकच बसत असल्यामुळें तेथें बिलाची बरीच कांटछाट झाली. तरी त्याच वर्षीं कायदा झाला, आणि बायका, मुली व दहा वर्षांखालील मुलगे यांस जमिनीखालीं कामास लावण्याची बंदी झाली. ज्या बायकांची मजुरी गेली त्यांस दुसरें काम देण्याची तजवीज मात्र त्या कायद्यांत नव्हती. भलें करितांनाही कोणाच्या घरावर ओझें पडतें, हें विसरून चालत नाहीं.

दहा तासांचें बिल मात्र अडूनच राहिलें. विरोध करणारे सगळे दुष्ट होते, असें आमच्या वाचकांनीं समजूं नये. नासाउ सीनिअर नांवाच्या अर्थशास्त्रज्ञानें असा हिशोब मांडला होता कीं, गिरणीचा निव्वळ नफा दिवसाच्या शेवटच्या तासांतच निघतो. तो तास काढला तर धंदा बुडेल, परदेश पुढें जातील आणि मजूरच उपाशी मरतील. जॉन ब्राइट हे क्वेकर पंथाचे मोठे देवभीरु पुढारी. धान्यावरील कर उठवून गरिबांची भाकरी स्वस्त करण्यासाठीं ते झटले. परंतु ते स्वतः गिरणीमालक होते, आणि या बिलास त्यांनीं कडाडून विरोध केला. एकाच प्रभूचें नांव घेणारे दोघे या प्रश्नावर समोरासमोर उभे राहिले. ब्राइट यांनीं ॲशली यांस असेंही ऐकविलें कीं, लँकेशायरच्या गिरण्यांवर बोट ठेवण्यापूर्वीं आपल्या डॉर्सेट परगण्यांतील शेतमजुरांच्या झोंपड्या पाहाव्या.

हा टोला वर्मीं लागला, कारण तो खरा होता. डॉर्सेट येथें यंत्र नव्हतें, धूर नव्हता, आणि तरीही मजुराचें घर गळकें व पोट अर्धें होतें. आणि तेथील जमिनीचे एक मोठे मालक ॲशली यांचे वडीलच होते. गरिबास चिरडण्यास यंत्रच लागतें असें नाहीं, हें यावरून दिसतें. ॲशली यांनीं तोंड फिरविलें नाहीं. १८४३ सालीं त्यांनीं डॉर्सेटांतील जमीनदारांच्या मेजवानींतच शेतमजुरांची स्थिति बोलून दाखविली, आणि त्यामुळें वडिलांचा रोष ओढवून घेतला. १८५१ सालीं वडील वारले, ॲशली हे लॉर्ड शाफ्ट्सबरी झाले आणि जमीन त्यांच्या हातीं आली. ती कर्जांत बुडालेली होती. तरी त्यांनीं घरांतील कांहीं जुनीं मौल्यवान् चित्रें विकून मजुरांसाठीं नवीं घरें बांधण्यास आरंभ केला.

१८४६ सालीं त्यांच्यावर एक कठीण प्रसंग आला. परदेशी धान्यावरील कर राहावा, असें म्हणून ते निवडून आले होते. आतां तो कर उठविणें योग्य, असें त्यांचें मत झालें. मतदारांस दिलेला शब्द एकीकडे आणि सद्‍विवेक दुसरीकडे. त्यांनीं जागेचा राजीनामा दिला. चौदा वर्षें ज्या बिलासाठीं देशानें झगडा केला तें पुढच्याच वर्षीं, १८४७ सालीं, पास झालें, आणि तेव्हां ॲशली पार्लमेंटांत नव्हते. तें पार नेण्याचा मान जॉन फील्डन यांस मिळाला. हे फील्डन टॉडमॉर्डनचे मोठे गिरणीमालक होते; स्वतः लहानपणीं वडिलांच्या गिरणींत राबले होते व तें विसरले नव्हते. ॲशली यांनीं दुसऱ्याच्या हातून झालेल्या या कामाबद्दल मनापासून देवाचे उपकार मानले. पेरणारा एक आणि कापणारा दुसरा, हें प्रभूच्या शेतांत नवें नाहीं.

पण गिरणीमालकांनीं वाट काढली. मुलांच्या व बायकांच्या पाळ्या अशा लाविल्या कीं, कोण किती तास राबलें हें इन्स्पेक्टरास कळूं नये. १८५० सालीं सरकारनें तोड सुचविली : रोज साडेदहा तास काम, परंतु सर्वांच्या कामाची वेळ एकच, आणि शनिवारीं दुपारीं दोन वाजतां सुटी. पाळ्यांची लबाडी यानें बंद होईल, असें पाहून ॲशली यांनीं अर्धा तास सोडला. ज्या मजुरांसाठीं ते सतरा वर्षें झिजले त्यांतील पुष्कळांनीं त्यांस दगाबाज म्हटलें. तें दुःख त्यांनीं मुकाट्यानें सोसलें. पुढें अनुभव काय आला? गिरण्या बुडाल्या नाहींत, उलट वाढल्या. शेवटच्या तासाचा तो हिशोब खोटा ठरला, आणि पूर्वीं विरोध केलेल्या कांहीं पुढाऱ्यांनीं पार्लमेंटांत उभें राहून आपली चूक कबूल केली.

यंत्रास दोष देणें त्यांस कधींच मान्य नव्हतें. घरांचीं धुराडीं साफ करण्यास त्या काळीं लहान मुलांस आंत चढवीत. कोंपरें व गुडघे सोलून निघत. कोणी गुदमरून मरे. धुराडें साफ करण्याचा यांत्रिक कुंचा केव्हांच निघाला होता, म्हणजे येथें यंत्रच मुलास सोडविणारें होतें. पण मोठ्या घरांच्या मालकांस आपले गालिचे काजळतील याची भीति वाटे, म्हणून मूलच वर चढे. १८४० सालीं बंदी झाली, ती पाळली गेली नाहीं. १८६४ सालीं पुन्हां कायदा झाला, तोही फुकट गेला. १८७५ सालीं केंब्रिजजवळ एक मुलगा धुराड्यांत गुदमरून मेला, तेव्हां शाफ्ट्सबरी यांनीं तिसरा कायदा करविला आणि अंमलबजावणी पोलिसांकडे दिली. तेव्हां कोठें ती चाल मोडली. पस्तीस वर्षें तोच प्रश्न हातीं धरून राहण्याची चिकाटी, हीच त्यांची खरी थोरवी होय.

वेड्यांच्या इस्पितळांची देखरेख त्यांनीं तरुणपणापासून मरेपर्यंत केली. १८४४ सालीं फाटक्या कपड्यांच्या मुलांसाठीं असलेल्या धर्मार्थ शाळांचा संघ स्थापन झाला. त्याचे ते सुमारें चाळीस वर्षें अध्यक्ष होते. कॉलऱ्याच्या दिवसांत आरोग्यमंडळावर राहून त्यांनीं लंडनच्या गल्ल्याकुच्चींत फिरून काम केलें. बायबल सोसायटीचेही ते अध्यक्ष होते. गाढवावर भाजीपाला विकणाऱ्या लंडनच्या गरीब फेरीवाल्यांनीं त्यांस आपुलकीनें एक गाढव भेट दिलें, आणि त्या भेटीचा त्यांस मोठा अभिमान वाटे.

त्यांची नजर हिंदुस्थानाकडेही वळली. मुंबईस पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनीं काढली. ती १८५६ सालीं चालू झाली. वीस वर्षांत गिरण्यांची रांग उभी राहिली, आणि लँकेशायरांतील जुनें दुःख येथें नव्यानें जन्मास आलें. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम, ठरलेली साप्ताहिक सुटी नाहीं, आणि यंत्रांत लहान मुलें. १८७५ सालीं शाफ्ट्सबरी यांनीं हा प्रश्न उमरावांच्या सभेंत काढला. त्याच वर्षीं मुंबईंत चौकशीचें कमिशन बसलें. १८७९ सालीं ते पुन्हां बोलले. यांत एक गोष्ट उघड सांगितली पाहिजे. हिंदी गिरण्यांवर बंधनें यावींत, अशी मँचेस्टरच्या मालकांचीही इच्छा होती. परंतु ती मुलांच्या दयेनें नव्हे, मुंबईचें स्वस्त सूत त्यांस जड जात होतें म्हणून. शाफ्ट्सबरी यांनीं मुलांसाठीं मागितलें तेंच दुसऱ्यांनीं आपल्या पेटीसाठीं मागितलें. मुंबईच्या मालकांनींही तीच जुनी सबब पुढें केली, कीं धंदा अजून बाळ आहे, कायद्यानें तो मरेल.

इकडे सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी गृहस्थांनीं कायद्यासाठीं खटपट केली, आणि १८८१ सालीं हिंदुस्थानचा पहिला फॅक्टरी कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांस बंदी झाली, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांस रोज नऊच तास काम व महिन्यांत चार सुट्या ठरल्या. पण तो १०० किंवा अधिक माणसांच्या कारखान्यांसच लागू होता, आणि मोठ्या माणसांच्या सुटीचें त्यांत नांव नव्हतें. तें काम जोतीराव फुले यांचे सहकारी व दीनबंधु पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं केलें. १८८४ सालीं त्यांनीं कामगारांच्या सभा भरविल्या, आणि सुमारें ५५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. आपण प्रभुवारीं उपासनेस जमतों तेव्हां हें ध्यानीं असावें कीं, मुंबईच्या गिरण्यांत त्या दिवशींचा विसावा आपल्या मंडळीबाहेरील एका माळी समाजाच्या पुढाऱ्यानें मिळवून दिला. देव आपलीं कामें कोणाच्या हातून करवितो, हें तोच जाणे.

शाफ्ट्सबरी यांच्या उणीवाही सांगणें योग्य. कामगारास मताचा अधिकार द्यावा, हें त्यांस पटत नव्हतें. गरिबांचें भलें वरच्यांनीं करावें, असा त्यांचा जुना समज होता. गरीब आपला शब्द आपण बोलतील, ही गोष्ट त्यांस भीतिदायक वाटे. स्वभावानें ते उदास असत आणि टीका मनास लावून घेत. दहा मुलांपैकीं कित्येकांचे मृत्यु त्यांस पाहावे लागले, आणि १८७२ सालीं पत्नीही गेली. तरी काम थांबलें नाहीं. १ ऑक्टोबर १८८५ रोजीं फोकस्टन येथें ते प्रभूमध्यें निजले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें त्यांस पुरण्याचें मानाचें बोलावणें आलें असतां, आपल्या खेड्यांतील देवळाजवळच माती मिळावी, अशी त्यांची इच्छा होती. ती पाळली गेली. ॲबेमध्यें उपासना मात्र झाली. त्या दिवशीं रस्त्यांच्या दोहों बाजूंस मोलमजुरी करणारे लोक आणि गरीब शाळांतील मुलें दाटीनें उभीं होतीं.

आतां आरंभींचा प्रश्न घेऊं. काय बदललें? राहण्याची जागा बदलली, कामाची वेळ बदलली, मालक आणि मजूर यांचें तोंड एकमेकांस दिसेनासें झालें. आणि काय राहिलें? मुलास झोंप पाहिजे, खेळ पाहिजे, शिक्षण पाहिजे, हें राहिलें. गरिबाच्या घरची अडचण राहिली. नफ्याचा लोभ राहिला, आणि धंदा बुडेल ही त्याची सबबही राहिली. आपला शेजारी कोण, हा जुना प्रश्नही राहिला.

मुंबईच्या गिरण्यांचीं बहुतेक धुराडीं १९८२ सालच्या मोठ्या संपानंतरच्या वर्षांत थंड पडलीं. परंतु आमच्या खेड्यांतील वाचकांस गिरणी फार दूर नाहीं. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून जोडपीं मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस निघतात. तोडलेला ऊस लौकर गाळला नाहीं तर साखरेचा उतारा घटतो. म्हणून कारखान्याचें यंत्र थांबत नाहीं, आणि यंत्र थांबत नाहीं म्हणून पहांटेच्या काळोखांत फडांत कोयता चालतो. त्या वेळीं कोपींत धाकट्या भावास सांभाळीत बसलेली नऊ-दहा वर्षांची मुलगी शाळेंतून उठून आलेली असते. लँकेशायरची ती मुलगी आणि ही मुलगी यांत फरक किती? १८५० सालीं जो फरक नव्हता तो आज एक आहे : कायदा तिच्या बाजूस आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ सालीं झाला, आणि चौदा वर्षांखालील मुलांस मजुरीस लावण्याची बंदी २०१६ सालीं अधिक कडक झाली. परंतु कायदा कागदावर आणि भूक घरांत, हें शाफ्ट्सबरी यांस दिसलेलें सत्यही अद्याप तेथेंच आहे.

म्हणून आमची मंडळ्यांस विनंती आहे कीं, तोडीचा हंगाम सुरू होण्यापूर्वीं पाळकांनीं व वडील मंडळींनीं गांवांतून एक फेरी मारावी. कोणतीं घरें जाणार, त्यांत मुलें किती, हें शाळेच्या शिक्षकांबरोबर बसून लिहून काढावें. जातपात व धर्म पाहूं नये. जेथें आजी-आजोबा आहेत तेथें मूल त्यांजपाशीं राहील अशी तजवीज करावी, आणि लागेल तें धान्य मंडळीनें पुरवावें. हंगामी वसतिगृह किंवा साखरशाळा जवळ असेल तर मुलाचें नांव तेथें घालून द्यावें. ज्या आईबापांनीं नाइलाजानें उचल घेतली त्यांस दोष देऊं नये. हें काम लहान आहे व कोणी त्याचा पुतळा उभारणार नाहीं. मारिया मिलिस हिचाही कोणीं उभारला नाहीं. तिनें एका मुलाजवळ बसून त्यास प्रार्थना शिकविली, एवढेंच.